चॅसी क्रमांक हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम भरू नये : विजेवरच्या गाडीची वाट पाहणाऱ्यास सविस्तर उत्तर

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचकांनाही उत्तराचा संदर्भ कळेल. आपण पिंपरी-चिंचवडमध्ये राहता. दसऱ्याच्या मुहूर्तावर २१,००० रुपये भरून आपण विजेवर चालणारी एक एसयूव्ही नोंदवली. व्हेरिएंट मधला, रंग पांढरा. त्या वेळी आठ आठवड्यांचा अवधी सांगितला होता, पण डिसेंबर उजाडला तरी गाडीचा पत्ता नाही. आता विक्री प्रतिनिधी म्हणतो की पूर्ण रक्कम भरा, गाडी लगेच लावून देतो. आणि ते नको असेल तर त्याच व्हेरिएंटची करड्या रंगाची गाडी यार्डात उभी आहे, ती आठवड्याभरात देतो. बँकेचे कर्ज मंजूर आहे, जुनी पेट्रोलची गाडी एक्स्चेंजला द्यायची आहे आणि सोसायटीच्या कमिटीने चार्जरला अजून होकार दिलेला नाही. थांबावे, यार्डातली गाडी घ्यावी की नोंदणी रद्द करावी, असे आपण विचारले आहे.

मी पुण्यातल्या वितरकांकडे बरीच वर्षे बिलिंग आणि डिलिव्हरीचे काम पाहिले आहे आणि आता गाडी घेणाऱ्यांना स्वतंत्रपणे सल्ला देतो. तिथे बसून जे दिसले त्याच्या आधारे सांगतो, की आपली खरी अडचण उशीर ही नाही. कर्जाचे वितरण, जुन्या गाडीची विक्री आणि पूर्ण रक्कम भरणे ही तिन्ही कामे आपण एका तारखेला बांधली आहेत, आणि ती तारीख कोणीही लिहून दिलेली नाही. विक्रेत्याने तोंडी सांगितलेले आठवडे हा अंदाज असतो. ज्या दिवशी आपल्या नावावर विशिष्ट चॅसी क्रमांकाची (प्रत्येक गाडीचा वेगळा ओळख क्रमांक) गाडी लावली जाते, म्हणजे शोरूमच्या भाषेत अलॉटमेंट होते, त्या दिवसापासूनच गाडी येणार असे धरून पुढची पावले टाकता येतात. म्हणून माझे पहिले सांगणे असे, की या तिन्ही गोष्टी तारखेपासून सोडवून चॅसी क्रमांकाला बांधाव्यात. तसे केले की थांबण्याचा त्रास निम्म्याने कमी होतो, कारण मग उशीर झाला तरी आपले पैसे आणि जुनी गाडी आपल्याकडेच असतात.

उशीर का होतो हे समजले तर प्रतिनिधीच्या बोलण्यातले किती धरायचे आणि किती सोडायचे हे ठरवता येते. वितरक कंपनीकडे गाड्यांची मागणी व्हेरिएंट, बॅटरीचा आकार आणि रंग यांनुसार नोंदवतो. कंपनी मात्र एका वेळी एकाच प्रकारच्या गाड्यांचा मोठा लॉट काढते आणि बहुधा ज्या व्हेरिएंटमध्ये तिला जास्त मिळते तो आधी काढते. महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांचे उदाहरण सर्वांसमोर आहे. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी नोंदणी खुली झाली तेव्हा पहिल्याच दिवशी ३०,१७९ नोंदण्या झाल्या. या गाड्या आपल्या शेजारी चाकणलाच तयार होतात, तरीही सर्वांत महागड्या पॅक थ्रीचे वितरण मार्चमध्ये सुरू होणार आणि पॅक वनच्या ग्राहकांनी ऑगस्टपर्यंत थांबायचे, असे वेळापत्रक कंपनीने आधीच जाहीर केले होते. असे वेळापत्रक आधी सांगितलेले असेल तर तक्रारीला जागा राहत नाही. पण बहुतेक ग्राहकांना ते सांगितले जात नाही, आणि मधल्या व्हेरिएंटचा ग्राहक वरच्या व्हेरिएंटच्या डिलिव्हरी बघत बसतो. कारखाना जवळ असल्याचा यात काही लाभ नाही, कारण तयार झालेली गाडी कोणत्या शहराला जाणार हे तिथल्या वितरकाच्या मागणीवर ठरते.

याखेरीज सुट्या भागांची अडचण असते, आणि विजेच्या गाड्यांत तिचे स्वरूप थोडे वेगळे आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा धातूंच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. आपल्याकडच्या बहुतेक विद्युत गाड्यांच्या मोटारींत हीच चुंबके असतात, त्यामुळे त्या काळात अनेक कंपन्यांना उत्पादनाचे नियोजन बदलावे लागले. असा अडथळा आला की त्याची खबर वितरकाला फार उशिरा लागते. म्हणून प्रत्येक वेळी शोरूमचा माणूस खोटेच बोलतो असे समजू नये. पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते, फक्त ‘ठाऊक नाही’ असे म्हणण्याची त्याला मुभा नसते.

आता पूर्ण रक्कम भरल्यास गाडी लगेच लावून देतो, या बोलण्याकडे येतो. यात थोडे तथ्य असू शकते, म्हणून ते सरसकट उडवून लावू नये. वितरक कंपनीकडून गाडी विकत घेतो, तीही बँकेकडून उचललेल्या पैशांवर, आणि गाडी यार्डात उभी राहील तितके दिवस त्यावर व्याज भरतो. ज्या वितरकाची उचल मर्यादा संपत आलेली असते तो ग्राहकाच्या रकमेतून गाडी उचलतो. अशा वेळी आपली रक्कम गेल्यावर गाडी खरोखर लवकर येऊ शकते. पण तशी गाडी जर कंपनीच्या आवारात तयार असेल, तर तिला चॅसी क्रमांक असणारच, आणि तो आपल्याला सांगण्यात कोणतीही अडचण नसते. तो सांगता येत नसेल तर गाडी अजून तयारच झालेली नाही, आणि आपल्या पैशांवर दुसऱ्याच कोणाची गाडी उचलली जाण्याची शक्यता आहे. म्हणून प्रतिनिधीला ईमेलने एवढेच विचारावे, की माझ्या नावावर लावलेल्या गाडीचा चॅसी क्रमांक, तिच्या उत्पादनाचा महिना आणि ती सध्या कुठे आहे हे कळवावे. ते कळताच दोन कामकाजाच्या दिवसांत मी उरलेली रक्कम भरतो. या वाक्यात नकार नाही, त्यामुळे समोरच्याला चिडण्याचे कारण मिळत नाही आणि उत्तर टाळणेही त्याला अवघड जाते.

त्याच ईमेलमध्ये आणखी एक गोष्ट मागावी, ती म्हणजे कंपनीच्या प्रणालीतला ऑर्डर क्रमांक. आपल्याकडे जी पावती आहे ती वितरकाची आहे की कंपनीच्या प्रणालीतून निघालेली आहे, हे एकदा नीट पाहा. दसरा, धनत्रयोदशी आणि पाडवा या दिवसांच्या गर्दीत पुष्कळ नोंदण्या वितरकाच्या वहीतच राहतात आणि कंपनीकडे त्या कितीतरी दिवसांनी चढतात. आपली रांग कंपनीच्या लेखी दसऱ्यापासून सुरू झाली की दिवाळीनंतर, हे या क्रमांकाच्या तारखेवरून कळते. क्रमांक मिळाला की कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राला दूरध्वनी करून व्हेरिएंट, बॅटरी आणि रंग बरोबर नोंदले आहेत ना, याची खात्री करून घ्यावी. रंगाचा घोळ मी इतक्यांदा पाहिला आहे की ही तपासणी मला अनिवार्य वाटते.

कर्जाबाबत नियम सोपा आहे. मंजुरी मिळणे वेगळे आणि वितरण होणे वेगळे. बँकेने वितरकाकडे रक्कम पाठवली की हप्ता किंवा हप्त्यापूर्वीचे व्याज सुरू होते, मग गाडी यार्डात असो की कारखान्यात. शोरूममधून ‘डीओ आला का?’ अशी विचारणा सतत होत राहील. डीओ म्हणजे बँकेचे डिलिव्हरी ऑर्डरचे पत्र. ते देण्यास हरकत नाही, परंतु प्रत्यक्ष रक्कम चॅसी क्रमांक असलेल्या बिलावरच सोडावी, असे आपल्या शाखेला लेखी कळवून ठेवा. मंजुरीची मुदत संपत आली असेल तर ती वाढवून घेता येते. फार तर कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात आणि त्या वेळचा व्याजदर लागू होतो. मुदत संपेल या भीतीने वितरण करून घेणे हा मला कधीच शहाणपणाचा व्यवहार वाटलेला नाही.

जुन्या गाडीचेही तसेच. एक्स्चेंजसाठी केलेले मूल्यांकन थोड्याच दिवसांपुरते असते, आणि नवी गाडी लांबली की ते पुन्हा होते व बहुधा कमीच होते. वर्ष बदलले की गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते, हे कारण जानेवारीत हमखास पुढे येईल. एक्स्चेंज बोनस आणि जुन्या गाडीची किंमत हे दोन आकडे वेगवेगळे लिहून घ्या, कारण बोनस मोठा दाखवून किंमत पाडणे ही जुनी पद्धत आहे. बाहेर विकून जास्त मिळत असतील तर बाहेर विकावी, पण नवी गाडी आपल्या नावावर लागण्याआधी जुनीची किल्ली कोणाच्याही हातात देऊ नये.

किमतीबाबत आपण विचारले नाही, तरी डिसेंबरमध्ये हा मुद्दा सोडता येत नाही. नोंदणीच्या फॉर्मवर मागच्या बाजूस बारीक अक्षरांत बहुतेक वेळा असे लिहिलेले असते की बिल होईल त्या दिवशीची किंमत लागू राहील. अनेक कंपन्या जानेवारीत किंमत वाढवतात. ही अट ग्राहकाच्या बाजूनेही चालते, हे पेट्रोलच्या गाड्या नोंदवलेल्यांनी अनुभवले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्या दिवसानंतर बिल झालेल्यांना तो लाभ मिळाला. विजेच्या गाड्यांवरचा जीएसटी ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्केच आहे, त्यामुळे आपल्या किमतीत त्या बदलाने काही फरक पडला नाही. नोंदणीच्या दिवशीची किंमत कायम राहील असे आश्वासन आपल्याला मिळाले असेल, तर ते कंपनीचे आहे की वितरकाचे, हे विचारा आणि ईमेलवर घ्या.

कोटेशन पुन्हा एकदा हातात घेऊन काही ओळी तपासा. महाराष्ट्राच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात अशा गाड्यांना मोटार वाहन करातून सूट आहे आणि हे धोरण मार्च २०३० पर्यंत आहे. १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला राज्यात १२ टक्के कर पडतो, तो आपल्याला पडत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनांना आरटीओ नोंदणीचे शुल्कही केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये माफ केलेले आहे. त्यामुळे कोटेशनमधल्या ‘आरटीओ’ या ओळीत मोठी रक्कम असेल तर ती कशाची, हे विचारलेच पाहिजे. १० लाखांच्या वरच्या गाडीवर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने गोळा करून सरकारकडे भरायचा आयकर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्र भरताना आपल्या खात्यात जमा दिसतो, म्हणून तो खर्च मानू नये, मात्र त्यासाठी बिलावर पॅन बरोबर हवा. ‘हँडलिंग’ किंवा ‘लॉजिस्टिक’ या नावाची ओळ ही सरकारी आकारणी नाही आणि शांतपणे नाकारली तर ती बहुधा निघते. विजेच्या गाडीच्या कर्जावरील व्याजाला दीड लाखांपर्यंत आयकरात वजावट मिळते, असे अजूनही काही प्रतिनिधी सांगतात; ती सवलत ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांसाठी होती, आपल्याला ती लागू नाही. अनुदानाचे कोणी नाव काढले तर ते बिलातून वजा करून दाखवायला सांगावे, आणि वजा होत नसेल तर हिशेबात धरू नये.

विमा शोरूमकडूनच घ्यावा असे बंधन नाही. नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा लागतो, आणि त्याच्या हप्त्यात विजेच्या गाड्यांना १५ टक्के सूट आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग एक वर्षाचा घेतला तरी चालतो. आपण बाहेरून दोन कोटेशन आणून शोरूमच्या आकड्याशेजारी ठेवा, मात्र त्यात घसारा न कापण्याचे कलम आणि बॅटरी व चार्जर यांचे संरक्षण सारखेच असल्याची खात्री करा. पुण्याच्या पावसाळ्यात तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरते हे आपण जाणताच, त्यामुळे पाण्याने होणाऱ्या बॅटरीच्या नुकसानीचे कलम मी वगळू देणार नाही. हा विमा चॅसी क्रमांकाशिवाय निघतच नाही. त्यामुळे अलॉटमेंटच्या आधी विम्याचे पैसे मागणे निरर्थक आहे.

आता यार्डातल्या करड्या गाडीविषयी. इथे उत्तर पूर्णपणे त्या गाडीच्या वयावर आणि ती कशी ठेवली होती यावर अवलंबून आहे, म्हणून गाडी पाहण्याआधी हो किंवा नाही म्हणू नये. सतरा अक्षरांच्या चॅसी क्रमांकात दहावे अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्ष सांगते; २०२४ साठी ‘आर’, २०२५ साठी ‘एस’ आणि २०२६ साठी ‘टी’. महिना कुठे असतो हे कंपनीनुसार बदलते, पण अंदाज बांधण्याची गरज नाही, कारण आरटीओ नोंदणीसाठी लागणाऱ्या फॉर्म २१ वर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे जुने असणे स्वाभाविक आहे, पण गाडीपेक्षा नवे टायर दिसले तर ते का बदलले हे जरूर विचारावे.

पेट्रोलची गाडी यार्डात उभी राहिली तर काय बिघडते हे सर्वांना ठाऊक आहे. विजेच्या गाडीत पाहायच्या जागा वेगळ्या आहेत. मोठी बॅटरी नुसती उभी राहून लगेच खराब होत नाही. तिला खरा त्रास होतो तो पूर्ण भरलेल्या किंवा जवळजवळ रिकाम्या अवस्थेत उन्हात महिनोन् महिने ठेवल्याने. साधारण निम्म्या चार्जवर सावलीत ठेवलेली सहा महिन्यांची गाडी मी निःशंकपणे घेईन. एप्रिल-मेचा उन्हाळा पत्र्याखाली किंवा उघड्यावर काढलेली गाडी असेल, तर सर्व्हिस विभागाकडून तिच्या बॅटरीच्या स्थितीचा संगणकीय अहवाल छापून मागेन. वारंवार दगा देते ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडीचे दार रिमोटने उघडत नाही. यार्डातल्या गाड्यांत ती पुष्कळदा दोन-तीनदा पूर्ण उतरून पुन्हा भरलेली असते, म्हणून ती नवी बसवून द्यावी अशी अट घालावी. सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती टाकून द्यायला सांगावे. चार्जिंगचे झाकण उघडून आतल्या पिना नीट पाहाव्यात. डेमो म्हणून फिरवलेल्या गाडीच्या चार्जिंगच्या तोंडाशी घासल्याच्या खुणा दिसतात, आणि किलोमीटरच्या आकड्यापेक्षा मला त्या जास्त विश्वासार्ह वाटतात.

हमीची मुदत बहुधा विक्रीच्या तारखेपासून मोजली जाते, त्यामुळे यार्डात गेलेले महिने हमीतून वजा होत नाहीत. तरी हमीच्या पुस्तिकेवर कोणती तारीख घालणार हे विचारून घ्यावे. नुकसान होते ते पुढे विकताना, कारण घेणारा आरटीओ नोंदणीच्या वर्षाबरोबर उत्पादनाचे वर्षही पाहतो. यावरून माझा हिशेब असा, की २०२५ मध्ये बनलेली गाडी त्याच डिसेंबरमध्ये आरटीओत नोंदवून मिळत असेल तर तडजोड फार मोठी नाही, पण तीच गाडी जानेवारीत घ्यायची असेल तर सवलत घसघशीत हवी. सवलत मागण्याची हीच वेळ आहे. वितरकाला वर्षाअखेर साठा संपवायचा असतो, पौष लागला की अनेक घरांत नवी खरेदी थांबते, आणि त्या करड्या गाडीवर तो रोज व्याज भरतो आहे. शोरूममध्ये मिळणारी सीट कव्हर आणि मॅट सवलत म्हणून स्वीकारू नयेत. ती रक्कम बिलात कमी झालेली दिसली पाहिजे. रंगाचे म्हणाल तर पुण्याच्या उन्हात पांढरी गाडी आत थोडी कमी तापते हे खरे, पण तेवढ्यासाठी चार महिने थांबावे असे मला वाटत नाही. घरात पांढऱ्यावरच एकमत असेल तर मात्र माझे ऐकू नका. रंग आवडला नाही तर गाडी जितके दिवस दारात आहे तितके दिवस तो डोळ्यांत सलतो.

इथवरचे मत थोडक्यात असे : चॅसी क्रमांकाशिवाय पैसे नाहीत, कर्जाचे वितरण नाही आणि जुनी गाडीही नाही, करडी गाडी याच वर्षातली असेल, अहवाल चांगला असेल आणि बिलात खरी सवलत असेल तर घ्यावी, नाहीतर थांबावे. नोंदणी रद्द करण्याचा विचार, रांगेतला आपला क्रम कळल्यानंतर करावा.

तरीही सर्वांत महत्त्वाचे काम वेगळेच आहे आणि ते आपल्या प्रश्नात शेवटी, जाता जाता आले आहे. सोसायटीत चार्जर बसलेला नसताना गाडी घरी आणली तर पहिला महिना सार्वजनिक चार्जरच्या रांगेत जातो, आणि विजेच्या गाडीविषयी घरातले मत त्याच महिन्यात बिघडते. थांबण्याचे हे आठवडे त्यासाठीच वापरावेत. कमिटीच्या हरकती साधारणपणे तीन असतात : वीज कोणाच्या बिलावर जाणार, इमारतीवरचा भार वाढणार का, आणि आग लागली तर काय. आपण अर्ज देतानाच या तिन्हींचे उत्तर सोबत जोडले तर चर्चा लवकर आटोपते. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली. त्यानुसार गाडीच्या चार्जिंगसाठी ग्राहकाला स्वतंत्र वीजजोडणी मागता येते. अर्जासोबत त्या दुरुस्तीची प्रत, परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा आराखडा आणि सर्व खर्च मी करीन असे पत्र द्यावे. मीटरच्या खोलीपासून आपल्या पार्किंगपर्यंत केबल कोणत्या भिंतीने जाईल याचे साधे रेखाचित्र जोडले तर फारच उत्तम, कारण बहुतेक सदस्यांना धास्ती असते ती भिंती फोडल्या जातील याची.

स्वतंत्र मीटर घ्यावा की घरच्याच मीटरवरून केबल ओढावी, हे आपल्या वापरावर अवलंबून आहे. महिन्याला हजार किलोमीटर चालत असतील आणि गाडी एका युनिटला सात किलोमीटर देत असेल, तर चार्जिंगमधली गळती धरून साधारण १६० युनिट लागतील. घरच्या बिलात ही युनिटे मिळवली की आपण वरच्या टप्प्यात जाता आणि ती युनिटे महाग दराने पडतात, कारण घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांनी चढतात. घराचा वापर मुळातच कमी असेल आणि मीटरची खोली पार्किंगशेजारी असेल तर घरचाच मीटर सोयीचा पडतो. अन्यथा चार्जिंगसाठी वेगळा मीटर घ्यावा. वीज कोणाच्या बिलावर, या कमिटीच्या प्रश्नालाही त्याने पूर्णविराम मिळतो. कोणताही मार्ग निवडला तरी आपला मंजूर भार किती आहे हे वीजबिलावर पाहा, कारण ७.२ किलोवॅटचा चार्जर एकटाच सुमारे ३१ अँपिअर ओढतो आणि जुन्या सदनिकांचा मंजूर भार त्याच्या निम्माही नसतो. भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे आजच करावा.

सगळे अडले तर १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी चार्ज होते, हे लक्षात असू द्या. ४५ युनिटांची बॅटरी त्यावर रिकामी ते पूर्ण भरायला पंधरा तासांच्या आसपास लागतात, ७.२ किलोवॅटवर तेच काम साडेसहा तासांत होते. रोजचे चाळीस-पन्नास किलोमीटर असतील तर रात्रीत सॉकेटवरही पुरेसे भरते, त्यामुळे भिंतीवरच्या चार्जरसाठी डिलिव्हरी अडवून धरण्याची गरज नाही. मात्र त्या सॉकेटला मीटरपासून स्वतंत्र वायर हवी, जिन्याच्या दिव्यांच्या वायरमधून जोड काढलेला चालत नाही. अर्थिंग तर पक्के हवेच. जुन्या इमारतींत सॉकेटला तिसरे भोक असते पण त्यामागे अर्थिंगची वायर कुठेच पोचलेली नसते. मिक्सर आणि इस्त्री त्यावर बिनतक्रार चालतात, गाडीचा चार्जर मात्र लाल दिवा दाखवून थांबतो आणि ग्राहक गाडी बिघडली म्हणून शोरूमला फोन करतो. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजायला सांगा. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर सहसा अडचण येत नाही. ७.२ किलोवॅटच्या चार्जरसाठी सहा चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी (जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळतीवर तुटणारे आरसीसीबी एवढे किमान असावे.

चार्जर गाडीच्या किमतीत आहे का, हेही कोटेशनमध्ये पाहा. काही कंपन्या तो वेगळा आकारतात. वर सांगितलेल्या महिंद्राच्या दोन गाड्या आल्या तेव्हा ७.२ किलोवॅटच्या चार्जरचे ५०,००० आणि ११.२ किलोवॅटच्या चार्जरचे ७५,००० रुपये वेगळे होते. बसवण्याच्या खर्चात ठरावीक मीटरपर्यंतचीच केबल धरलेली असते, आणि पुढे मीटरमागे पैसे लागतात. मोठ्या सोसायटीत हा फरक बराच होतो, म्हणून कंपनीच्या माणसाकडून जागेची पाहणी आताच करून घ्या.

गाडी आली की आरटीओ नोंदणी होण्यापूर्वी यार्डात जाऊन दिवसाउजेडी पाहावी. नोंदणी आपल्या नावावर झाल्यावर दोष सापडला तर गाडी बदलून मिळणे फार कठीण असते, दुरुस्तीच मिळते. चॅसी क्रमांक बिलाशी जुळवावा, आपल्यासमोर एकदा चार्जर लावून चार्जिंग सुरू होते ना ते पाहावे, आणि कंपनीने दिलेली चार्जिंग केबल खोक्यातून बाहेर काढून तपासावी. हिरवी नंबरप्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढू नये. पासिंग नंतर होईल, आज मुहूर्त आहे तर घेऊन जा, असे कोणी म्हणाले तरी नम्रपणे नकार द्यावा, कारण त्या दरम्यान काही झाले तर विमा कंपनीपुढे आपली बाजू लंगडी पडते.

शेवटी रद्द करण्याविषयी. ईमेलला आठवड्याभरात उत्तर आले नाही, किंवा कंपनीकडे आपली ऑर्डरच नोंदलेली नाही असे आढळले, तर मी रद्द करण्याच्या बाजूने आहे. रद्द करण्याचे कारण लिहून वितरक आणि कंपनी दोघांनाही ईमेल करावा, नोंदणी फॉर्ममधले परताव्याचे कलम त्यात उद्धृत करावे आणि परताव्यासाठी ठरावीक मुदत द्यावी. ती उलटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. नोंदणीच्या रकमेचे बहुतेक वाद जिल्हा ग्राहक आयोगापर्यंत न जाता तिथेच मिटतात. आपले २१,००० रुपये वितरकाच्या खात्यात गेले आहेत की सणाच्या घाईत प्रतिनिधीच्या स्वतःच्या यूपीआय क्रमांकावर, हे मात्र आजच बँकेच्या नोंदीत पाहा. दुसरी गोष्ट झाली असेल, तर इतर सगळे बाजूला ठेवून आधी वितरकाच्या नावाची शिक्क्याची पावती मागून घ्या, कारण तिच्याशिवाय वरीलपैकी कोणतीही मागणी पुढे सरकणार नाही.